पुस्तकाची पहिली आवृत्ति कशी ओळखावी?

प्रत्येक पुस्तक आपल्या कागदानें, खिळ्यांनीं आणि बांधणीनें स्वतःच्या जन्मकाळाची साक्ष देत असतें. ती साक्ष कशी वाचावी, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें उद्देश आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. एकदां जुळविलेल्या खिळ्यांवरून जेवढ्या प्रती निघतात, त्या सर्वांची मिळून एक आवृत्ति होते. मजकुरांत फारसा फेरबदल न करतां तीच जुळणी पुन्हां यंत्रावर चढविली, तर तें त्याच आवृत्तीचें पुनर्मुद्रण होय. संग्राहक ज्या प्रतीसाठीं धडपडतात, ती पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या मुद्रणाची असते.

शोधाचा आरंभ शीर्षकपृष्ठ व त्याची पाठ येथून करावा. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्याची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली, सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ सालीं, आणि या दुसरीचें पुनर्मुद्रण १९७५ सालीं पुण्यास झालें. म्हणून घरांत 'मोल्सवर्थ' आहे एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. साल पाहिलें पाहिजे.

अलीकडील इंग्रजी पुस्तकांत शीर्षकपृष्ठाच्या पाठीवर बहुधा अंकांची एक ओळ असते. नव्या मुद्रणाच्या वेळीं तींतील सर्वांत लहान अंक गाळतात. सामान्यतः १ हा अंक शिल्लक असल्यास पहिलें मुद्रण समजावें. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती १९९७ सालीं प्रथम निघाल्या. त्यांत ही ओळ १० पासून १ पर्यंत पूर्ण आहे. शिवाय ५३ व्या पृष्ठावरील सामानाच्या यादींत जादूची कांडी दोनदां आली आहे.

असे मुद्रणदोषही खुणेच्या कामीं येतात. डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्यें १,२५० प्रतींनीं प्रसिद्ध झाला. त्याच्या २० व्या पृष्ठावर 'स्पीशीज' या इंग्रजी शब्दांत एक अक्षर अधिक पडलें आहे. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तींत तें दुरुस्त झालें. पण त्याच वेळीं अखेरच्या वाक्यांत सृष्टिकर्त्याचा उल्लेखही नव्यानें आला. ग्रंथकार प्रथम काय बोलला व मागाहून त्यानें काय घातलें, हें पहिल्या प्रतीवांचून कसें कळावें? पहिल्या आवृत्तीचें खरें मोल येथें आहे.

तथापि छापलेल्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांचीं प्रसिद्ध प्रेमसुनीतें प्रथम १८५० सालीं छापलीं गेलीं. परंतु १८४७ साल घातलेली त्यांची एक पुस्तिका पुढें मोठ्या किमतीस विकली जाऊं लागली. जॉन कार्टर व ग्रॅहम पोलार्ड यांनीं तिचा कागद तपासविला, तों त्यांत रासायनिक रीतीनें केलेला लांकडी लगदा आढळला. तसा कागद इंग्लंडांत १८७४ पूर्वीं वापरांतच नव्हता! १९३४ सालीं त्यांनीं हें जाहीर केलें, आणि टॉमस वाइज या नामांकित संग्राहकाची कीर्ति धुळीस मिळाली. शीर्षकपृष्ठ खोटें बोललें, कागदानें खरें सांगितलें.

पालकांसही एक विनंती आहे. माळ्यावरचीं जुनीं पुस्तकें रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांचें पहिलें पान मुलांकडून वाचवून घ्यावें. नवी बांधणी करवितांना मूळ वेष्टण व शेवटच्या जाहिराती फेकूं नयेत. जन्मसालाचा पुरावा पुष्कळदां त्यांतच असतो. आणि मुलांनो, एकाच खुणेवर निर्णय देऊं नका. साल, अंक, दोष व कागद या चौघांची साक्ष जुळली, म्हणजेच निकाल द्यावा. ही संवय पुस्तकांपुरतीच उपयोगी पडेल असें नाहीं.