सुपाला दाटपणा कोठून येतो?

फ्रान्समध्ये लीक आणि बटाटा यांचे सूप घरोघरी करतात. लीक हा कांदा-लसणाचा भाऊबंद. दिसायला जाडजूड पातीच्या कांद्यासारखा, पण खाली गड्डा न धरणारा. हे सूप इतके मऊ व दाट होते, की त्यात वाटीभर साय ओतली असावी असे वाटते. साय न घालताही ते दाटच होते. कसे, ते स्वयंपाकघरातच पाहा.

एक कच्चा बटाटा किसून पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा आणि ते पाणी अर्धा तास न हलवता ठेवा. तळाशी पांढरा साका बसेल. हे बटाट्यातले पिष्ट, म्हणजेच स्टार्च. चमचाभर साका वाटीभर थंड पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ होईल, पण थोड्या वेळाने साका पुन्हा खाली बसेल. आता हेच मिश्रण ढवळत मंद आचेवर तापवा. तापमान ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान पोचले, की दुधाळपणा जाऊन ते दाट होऊ लागेल. कपड्यांना घालतात ती खळच ही! पिष्टाच्या कणांत रेणू घट्ट बांधलेले असतात. उष्णतेने ही बांधणी सैल होते, पाणी आत शिरते आणि कण टम्म फुगतात. त्यांच्या गर्दीतून पाण्याला वाहणे जड जाते.

आता सूप. दोन लीक, तीन मध्यम बटाटे, चमचाभर लोणी आणि चार कप पाणी घ्या. (लीक न मिळाल्यास पातीच्या कांद्याचा पांढरा भाग चालेल.) बुंधा पांढरा राहावा म्हणून शेतकरी लीकला मातीची भर देतात, ऊन न लागल्याने त्यात हरितद्रव्य तयार होत नाही. ही माती पापुद्र्यांत अडकते, म्हणून लीक उभा चिरून धुवावा. चकत्या लोण्यात मऊ होईपर्यंत परताव्यात, लाल होऊ देऊ नयेत. मग बटाट्याच्या फोडी, मीठ व पाणी घालून वीस मिनिटे शिजवावे.

खरी कसोटी पुढेच आहे. शिजताना पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळते. त्यामुळे बटाटा दाबताच पेशी सुट्या होतात, पण बऱ्याचशा फुटत नाहीत. फुगलेले पिष्ट त्यांच्या आतच राहते. मिक्सर फार वेळ फिरवला, तर पेशी फाटून पिष्ट बाहेर येते आणि सूप चिकट होते. या कामाला आपल्या रवीसारखे साधन नाही! थोडे सूप रवीने घोटून व थोडे मिक्सरमधून काढून फरक पाहा.

न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलातील फ्रेंच आचारी लुई दिया यांनी १९१७ च्या सुमारास हेच सूप साय घालून थंडगार वाढण्याची प्रथा पाडली, असे मानतात. मात्र थंड होताना पिष्टातील अमायलोजचे लांब रेणू पुन्हा एकमेकांजवळ येतात आणि सूप आणखी घट्ट होते. तेव्हा थंड सूप प्यायचे असल्यास थोडे दूध वाढवा, आणि चिमूटभर मीठही; थंड पदार्थाची चव जिभेला कमी जाणवते.