गोदाम भाड्याचे, चावी आपली

व्यापाऱ्याचा थोडा माल दुकानामागे असतो, थोडा भाड्याच्या गोदामात. बँका व कारखानेही आज आपली माहिती अशीच ठेवतात: काही स्वतःच्या सर्व्हरवर, काही अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर. यालाच हायब्रीड क्लाऊड म्हणतात. दोन्हीकडची उभारणी आणि राखण ज्याच्याकडे, तो इन्फ्रास्ट्रक्चर व सिक्युरिटी इंजिनिअर. या कामाची खरी जोखीम कोठे आहे, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यावे.

अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेचे उदाहरण पाहा. २०१९ साली तिचा कारभार स्वतःच्या डेटा सेंटरमधून अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडवर हलवला जात होता. दारावर पहारा देणाऱ्या फायरवॉलची मांडणी चुकली होती. बाहेरच्या व्यक्तीने तिला फसवून तिच्याकडूनच तिचा तात्पुरता परवाना काढून घेतला. त्या परवान्यावर कोठारातील फायली वाचण्याची मुभा होती. पहारेकऱ्याला तिजोरीची चावी कशाला हवी? पण ती दिलेली होती. अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील ६० लाख लोकांची माहिती उघडी पडली. काही माहिती सांकेतिक रूपात होती, पण त्याच प्रवेशामुळे तीही उलगडता आली. मार्चमधील ही चोरी बँकेला जुलैमध्ये कळली, तीही बाहेरच्या माणसाने कळवल्यावर. २०२० साली सरकारी नियंत्रकाने ८ कोटी डॉलर दंड केला, तो गोदामवाल्याला नव्हे, बँकेला.

यातून तीन धडे मिळतात. पहिला, प्रत्येक माणसाला व यंत्राला कामापुरताच अधिकार द्यावा. काम संपताच तो परत घ्यावा. दुसरा, दोन्हीकडच्या चाव्यांची एकच यादी ठेवावी. नोकर दुकान सोडून गेला आणि गोदामाची चावी त्याच्या खिशात राहिली, असे होऊ नये. तिसरा, कोण कधी आत आले याची नोंद नुसती ठेवू नये, रोज वाचावी. न पाहिलेली वही आणि कोरी वही यांत फरक नाही.

भाडे भरले म्हणजे जबाबदारी संपली, असे समजणारा व्यापारी बुडतो. गोदामवाला भिंती आणि छप्पर सांभाळतो; चावी कोणाच्या हाती द्यायची हे मालकालाच ठरवावे लागते. लोकांची माहिती ही अमानत आहे. ती सांभाळण्याचे हे काम ज्याला नीट जमेल, त्याच्यावर लोक भरवसा ठेवतील.