अजिंठ्याची वाट आणि पोटाची काळजी

प्रवासी अतिसार हा घराबाहेर पडलेल्या माणसाला सर्वाधिक वेळा गाठणारा आजार आहे. चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक पातळ जुलाब आणि त्यांच्या जोडीला मुरडा, मळमळ, उलटी किंवा कणकण, ही त्याची ओळख. बोलीत त्याला हगवण किंवा ढाळ म्हणतात आणि रक्त-शेम पडू लागली की आव. बोलीने हे दोन शब्द वेगळे ठेवले, ते वैद्यकशास्त्रालाही धरून आहे, कारण साध्या हगवणीचा उपचार वेगळा आणि रक्ती आवेचा वेगळा. बहुतेक वेळा कारण जिवाणूंचे असते आणि त्यांतही आतड्यात विष सोडणाऱ्या ई. कोलाय या जातीचे. हे विष आतड्याचे अस्तर फाडत नाही. ते पेशींना पाणी आणि क्षार आतड्याच्या पोकळीत ओतायला लावते. "पाणी बदललं, म्हणून बाधलं" असे घरोघरी म्हणतात, पण बाधतो तो पाण्यात किंवा बर्फात मिसळलेला मैला. गावोगावच्या पाण्याच्या चवीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

प्राचीन स्थळांच्या प्रवासात हा आजार अधिक जड जातो. लेणी, किल्ले, स्तूप ही ठिकाणे मुळातच वस्तीपासून दूर, डोंगरात किंवा नदीच्या वळणावर असतात. तिथे चढ असतो, ऊन असते, सावली थोडी असते आणि स्वच्छतागृह बहुधा प्रवेशद्वारापाशीच असते. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे सुमारे 4 किलोमीटर बसने जावे लागते, मग पायऱ्या चढून वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेल्या लेण्यांच्या रांगेत पोहोचता येते. मोठे रुग्णालय गाठायचे तर एका बाजूला छत्रपती संभाजीनगर सुमारे 100 किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला जळगाव 60 किलोमीटरच्या आसपास. घरात सहज निभावणारी हगवण अशा जागी धोक्याची होते.

हैदराबादकरांचे अजिंठ्याशी नाते जुने आहे. अजिंठा-वेरूळ ही निजामाच्या राज्यातली स्थळे. राज्याचे पुरातत्त्व खाते 1914 मध्ये सुरू झाले. त्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर मोठा ग्रंथ चार भागांत सिद्ध केला. पब्लिक गार्डनमधल्या पुराणवस्तु-संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती आजही पाहता येतात आणि त्या पाहून मूळ चित्रांची ओढ लागलेली कितीतरी मराठी कुटुंबे मनमाडकडे जाणाऱ्या अजिंठा एक्सप्रेसने रात्रीत मराठवाडा गाठतात.

प्रस्तुत लेखक हैदराबादच्या विद्यानगरात वैद्यकीय व्यवसाय करतो. शेजारच्या नल्लकुंट्यात रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे साथीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. जुने लोक त्याला अजून 'कोरंटी' म्हणतात, 'क्वारंटाइन'वरून. पावसाळा सुरू झाला की या भागात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि त्यांना साखर-मिठाचे पाणी समजावून सांगण्यात लेखकाची बरीच वर्षे गेली. तरीही स्वतःच्या प्रवासात त्याने सांगितलेले सगळे मोडले. पुढची हकीकत नोंदवण्याचे कारण एवढेच की अशी चूक जाणत्या माणसाकडूनही होते आणि ती ठरावीक क्रमाने होते.

शनिवारी दौलताबादचा किल्ला झाला. अंधारी वाट आणि वरचा चढ संपवून खाली आल्यावर घसा कोरडा पडला होता. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर बर्फ घातलेला उसाचा रस आणि पलीकडच्या गाडीवर चिरून ठेवलेली पपई. ही पहिली चूक. रात्री दोनच्या सुमारास पोटात पीळ पडला आणि पहाटेपर्यंत पाच वेळा जुलाब झाले. अंगात ताप होता. बॅगेत ओआरएसच्या पुड्या होत्या, पण हात गेला तो गोळ्यांच्या पाकिटाकडे. जुलाब रोखणारे लोपेरामाइड आणि सोबत एक प्रतिजैविक, दोन्ही एकदम. ही दुसरी चूक आणि सर्वांत मोठी. तिसरी चूक सकाळची. रविवारचा दिवस होता, सोमवारी अजिंठा बंद असतो, परतीचे तिकीट काढलेले होते. थांबायचे तर अजिंठा हुकणार. जुलाब थांबले होते, म्हणून आजार थांबला असे मानून गाडी फर्दापूरकडे निघाली. वाटेत शौचाला जावे लागू नये म्हणून पाणी घोटाघोटानेच घेतले गेले.

लेण्यांची रांग चालता चालता ओठ सुकले, डोके जड झाले. सकाळपासून लघवी झालेली नव्हती आणि ती खूण डॉक्टर असूनही ध्यानात घेतली गेली नाही. सव्विसाव्या लेण्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली डोलीतून आणावे लागले. संध्याकाळी पोट फुगले, शौचात रक्त दिसले. शहरात परतल्यावर शिरेतून सलाईन आणि योग्य ते प्रतिजैविक मिळून दोन दिवसांत ताप उतरला. आतडे मात्र पुढे सात महिने ताळ्यावर नव्हते. जेवण झाले की लगेच मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. जंतुसंसर्गानंतर उरणाऱ्या या विकाराला संसर्गोत्तर आतड्यांची संवेदनशीलता म्हणता येईल. आतड्याच्या संसर्गातून उठलेल्या दहा जणांत सुमारे एकाला ती होते.

याच प्रवासात सोबत असलेल्या आत्याने दोन्ही दिवस दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. स्वच्छतागृह कुठे असेल, कसे असेल, या धास्तीने. अशा बायकांची संख्या फार मोठी आहे. त्यांना हगवण लागली की शरीरात आधीच पाणी कमी असते, आणि हगवण नाही लागली तरी मूत्रमार्गाचा दाह आणि बद्धकोष्ठ ठरलेलेच. सहल आखताना स्वच्छतागृहाचे थांबे आधी ठरवावेत आणि ते घरातल्या बायकांना आधी सांगावेत. हे काम सहल आखणाऱ्याचे आहे, सोसण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये.

सव्विसाव्या लेण्यात डाव्या पडवीच्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे 7 मीटर लांबीचे शिल्प आहे. पाचव्या शतकातले हे काम. वैद्यकाच्या नजरेने पाहता त्या प्रसंगाची पाली ग्रंथातली हकीकत विलक्षण नेमकी आहे. चुंद नावाच्या यजमानाकडच्या जेवणानंतर बुद्धाला रक्ताची आव झाली, तीव्र कळा आल्या, तरी कुसिनाऱ्याची वाट सोडली नाही. वाटेत झाडाखाली बसून त्याने शिष्य आनंदाकडे पाणी मागितले. ओढ्यातून नुकत्याच गाड्या गेल्या आहेत, पाणी गढूळ आहे, असे आनंद सांगत राहिला. जेवण, आव, कळा, चालणे आणि तहान हा क्रम कोणत्याही दवाखान्यातल्या केसपेपरवर शोभेल असा आहे. भिक्षूंच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळायचे फडके असे. कान्हेरी, जुन्नर इथल्या शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि त्यांच्या दानाची नोंद लेण्यांच्या दानासारखीच मानाने कोरली आहे. गाळण्याने जंतू जात नाहीत, पण पाण्याची चिंता आधी करावी ही समज या स्थळांच्या रचनेतच आहे. लेणी पाहताना टाकी पाहिल्याशिवाय परतू नये.

अतिसारात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडले की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. विष कितीही पाणी बाहेर ओतत असले तरी ही वाट उघडी राहते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचे धाडस केले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. आजच्या ओआरएसचे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र 2002 चे आहे. एक लिटर पाण्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नये, ते लहान मुलांना घातक ठरते. लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत पुरी रिकामी करणे ही सर्रास होणारी चूक आहे.

पहिल्या जुलाबानंतरच हे पाणी सुरू करावे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्या मुलाला 100 ते 200, प्रौढाला हवे तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकही द्यावे. खाणे बंद करू नये. भाताची पेज, मऊ दहीभात, केळे, मुगाची पातळ खिचडी चालते. अंगावर पिणारे मूल असेल तर दूध चालू ठेवावे.

लोपेरामाइड ताप किंवा रक्त असताना घेऊ नये आणि लहान मुलांना कधीच देऊ नये. ते आतड्याची हालचाल मंदावते, जंतू आणि विष आत कोंडून ठेवते आणि बरे वाटत असल्याचा भास निर्माण करते. लेखकाचा रविवार त्या भासातच गेला. प्रतिजैविकांचा हव्यासही तितकाच वाईट. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या दोन औषधांच्या जोडगोळ्या साध्या हगवणीला लागतच नाहीत. ती बहुधा तीन ते पाच दिवसांत आपोआप ओसरते. उलट प्रवासात प्रतिजैविक घेणाऱ्यांच्या आतड्यात औषधांना न जुमानणारे जिवाणू अधिक प्रमाणात सापडतात, आणि आतड्यातले उपकारक जिवाणू सावरायला आठवडे लागतात. रक्त, 38.5 अंशांवर ताप, सहा-आठ तास लघवी नसणे, न थांबणारी उलटी, ग्लानी, यांपैकी काहीही दिसले की प्रवास तिथेच थांबवून डॉक्टरकडे जावे. तिकिटाचे पैसे बुडू द्यावेत.

सावधगिरीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. पाणी एक मिनिट खळखळ उकळलेले असावे किंवा बाटलीचे सील स्वतः तोडावे. गरम वाफाळते अन्न बहुधा सुरक्षित असते, चिरलेली फळे आणि कच्च्या चटण्या नसतात. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा रंगवण्याचा नियम आहे. पण पांढरा बर्फ शुद्ध असेलच असे त्यावरून ठरत नाही. टायफॉइडची लस प्रवासाआधी घ्यावी. हैदराबादेत तयार झालेल्या संयुग्मित लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. धोका केवळ परगावी असतो असेही नाही. विद्यानगरपासून जवळच्या भोलकपुरात मे 2009 मध्ये नळाचे पाणी दूषित होऊन शेकडो लोक आजारी पडले आणि काही दगावले. आतडे सावरण्याच्या काळात लेखकाला सर्वाधिक उपयोग झाला तो घरच्या ताकाचा आणि ज्वारीच्या आंबिलीचा, जिला तेलंगणात अंबली म्हणतात. दोन्ही उकळलेल्या पाण्यातच करावीत.

औषधाच्या दुकानातून ओआरएस घेताना एक गोष्ट तपासावी. गोड फळपेये 'ओआरएस' असे नाव लावून वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर फार आणि क्षार कमी असल्याने जुलाब वाढतात. हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' लिहिण्यास मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेले असेल तरच ते ओआरएस. अशा चार पुड्या प्रवासाच्या बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवाव्यात, गोळ्यांच्या पाकिटाच्या आधी हाताला लागतील अशा.