तीन की आठ?

'काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत दे,' असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क आधीच कापून घ्या. विषय मात्र अगदी घरचा आहे.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे बरेच छोटे गाळे आहेत. त्यातला एक माझ्या काकांचा. मागच्या सुट्टीत मी त्यांना ऑर्डरी आणि बिलांचा प्रोग्रॅम करून दिला. जुन्या मॉनिटरवर तो मस्त चालायचा. मग काकांनी नवीन लॅपटॉप घेतला. त्यावर माझी विंडो धुरकट दिसायला लागली. मी नेटवर शोधून सेटिंगची एक ओळ टाकली, लॅपटॉपवर अक्षरं एकदम कडक! मी खूश होऊन हॉस्टेलला परत आले. नंतर काकांनी जुना मॉनिटर लॅपटॉपलाच जोडून पॅकिंगच्या टेबलावर ठेवला आणि आठ दिवसांत फोन आला, "अगं, तो तीन आहे का आठ, काय कळतच नाही! ३० डझन वाट्यांच्या जागी ८० डझन गेल्या. टेम्पोचं भाडं दोनदा भरलं मी."

लॉजिक बरोबर, डेटाबेस बरोबर. चूक होती फक्त चित्र काढण्यात.

ठिपके किती आणि केवढे?

काकांचा मॉनिटर १८.५ इंची, १३६६ × ७६८ चा. म्हणजे इंचाला साधारण ८५ पिक्सेल. लॅपटॉप १४ इंची, १९२० × १०८०, म्हणजे इंचाला १५७. आता १६ पिक्सेल उंचीचं अक्षर घ्या. मॉनिटरवर ते ४.८ मिलिमीटर उंच दिसेल, लॅपटॉपवर फक्त २.६. म्हणून विंडोज 'स्केल' लावते. इंचाला ९६ ठिपके म्हणजे १०० टक्के, हा तिचा जुना हिशोब. लॅपटॉपला १५० टक्के लावलं की १६ चे २४ पिक्सेल होतात.

पण हे २४ पिक्सेल भरायचे कोणी? इथेच खरी गोम आहे. प्रोग्रॅमचे तीन प्रकार पडतात :

१) काहीच माहीत नसलेला. तो नेहमी ९६ च्या हिशोबाने चित्र काढतो आणि विंडोज ते फोटोसारखं ताणते. म्हणून धुरकट. माझा पहिला प्रोग्रॅम हा.

२) एकच स्केल माहीत असलेला (व्हिस्टापासून). तो मुख्य स्क्रीनचं स्केल धरून चालतो. दुसऱ्या स्क्रीनचं स्केल वेगळं असेल तर विंडोज तयार चित्र दाबून बसवते. माझी 'एक ओळ' हीच होती. २४ पिक्सेलचा तीन दाबून १६ चा झाला, त्याचं उघडं तोंड भरून आलं आणि आठ तयार!

३) प्रत्येक स्क्रीनचं स्केल विचारणारा. ही सोय विंडोज ८.१ मध्ये, २०१३ साली आली आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ व्हर्जनमध्ये सुधारली. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर ओढली की प्रोग्रॅमला मेसेज येतो, त्यात नवा डीपीआय आणि विंडो केवढी ठेवावी तो चौकोनही असतो. प्रोग्रॅमने फॉन्ट, आयकॉन, रेघा सगळं नव्याने मोजून नव्याने काढायचं.

सव्वा पिक्सेलचं काय करायचं?

आपल्यापैकी अनेकांचे लॅपटॉप १२५ टक्क्यांवर असतात. तिथे १० ते ११ मधली रेघ १२.५ ते १३.७५ वर जाते. अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून एका काळ्या रेघेऐवजी दोन करड्या दिसतात. उपाय : दोन्ही कडा पूर्णांकात घ्या, १३ ते १४. रेघ परत काळी.

मात्र पूर्णांकात कडा घ्यायच्या, रुंदी नाही. (मी आधी रुंदीच घेतली होती!) १० पिक्सेलच्या २० खणांचा तक्ता १२५ टक्क्यांवर २५० व्हायला हवा. प्रत्येक खण १२.५ चा १३ केलात तर २६० होतो आणि शेवटचा कॉलम विंडोबाहेर. कडा पूर्णांकात घेतल्या तर खण १३, १२, १३, १२ असे पडतात आणि बेरीज २५० च राहते.

मराठीत हे जास्त जाणवतं, कारण आपली शिरोरेषा. प्रत्येक अक्षराची रेषा त्याच उंचीच्या पिक्सेलवर बसली नाही तर शब्दाला पायऱ्या पडतात. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी केलेला. फॉन्टमध्ये 'हिंटिंग' म्हणून सूचना देता येतात, त्या अशी रेषा पूर्ण पिक्सेलवर सरकवतात. पण तयार अक्षराचं चित्र नंतर कोणी ताणलं किंवा दाबलं, तर फॉन्टवाल्याची मेहनत पाण्यात.

शेवटी मी प्रोग्रॅम तिसऱ्या प्रकारात आणला आणि यावेळी गाळ्यावर जाऊन विंडो दोन्ही स्क्रीनवर दहा वेळा ओढून पाहिली. काका म्हणाले, "आता तीन तीनासारखा दिसतो."

हॉस्टेलवाल्यांनो, प्रोजेक्टचा डेमो आपण लॅपटॉपवर तयार करतो आणि दाखवतो प्रोजेक्टरवर. तोही दुसरा स्क्रीनच आहे. व्हायवाच्या आदल्या दिवशी विंडो एकदा तिकडे ओढून बघा. एक्स्टर्नलने 'हा तीन का आठ?' विचारलं, तर तिथे काका नसतात समजून घ्यायला!