पोथी छापणाऱ्यांच्या कचेरीत

आमचं दुकान कोल्हापूरच्या महाद्वार रोडला, कचेरी मागच्या गल्लीत आणि छापखाना उद्यमनगरात. पोथ्या, स्तोत्रं, आरत्यांची पुस्तकं, व्रतकथा, सार्थ ग्रंथ हा आमचा माल. देवाच्या पुस्तकाला 'माल' म्हटलेलं ऐकून नवीन माणूस दचकतो आणि महिन्याभरात स्वतःही तेच म्हणायला लागतो. मी इथं मुद्रितशोधनाला लागले ती अजून तिथंच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं मालकांविषयीही दोन शब्द येणार आहेत आणि पगारपत्रकावर सही अजून त्यांचीच असते. नव्यानं लागणाऱ्या पोरापोरींना चहा पिता पिता जे सांगते, तेच इथं क्रमांक घालून लिहिते आहे.

१. ज्याला जे पाठ आहे, त्याला त्याचं प्रूफ देऊ नये.

मागं एक मुलगा आमच्याकडे लागला होता. पहाटे उठून अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय कामाला यायचा नाही. रामरक्षा, अथर्वशीर्ष सगळं तोंडपाठ. मालक खूश. त्यानं तपासलेली रामरक्षा माझ्याकडे आली तेव्हा चार विसर्ग गळालेले आणि एक ओळ दोनदा आलेली. पोराचे डोळे कागदावर होते, पण तो वाचत होता आठवणीतून, आणि आठवणीत चूक नव्हती.

याच्या उलट आमचे जुळणीवरचे अण्णा. खिळे जुळवायच्या काळापासूनचे. त्यांना देवळात गेलेलं कुणी पाहिलं नाही. पण एका डीटीपीवाल्यानं गुरुचरित्रात सगळीकडे 'सिद्ध'चा 'सिध्द' केला होता, तो त्यांनी पहिल्याच पानावर पकडला. आता गुरुचरित्र म्हणजे सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद. ती चूक पानापानावर. अण्णा एवढंच म्हणाले, "ज्याच्या तोंडून पोथी आली त्याचंच नाव चुकवलं व्हय रं?"

तेव्हापासून आमच्याकडे पाठांतरातल्या ग्रंथाचं प्रूफ दोघांनी मिळून वाचायचं असा नियम आहे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दंड, अवग्रह आणि ओवीच्या आकड्यासकट. दुसऱ्यानं बोट ठेवून बघायचं. ऐकायला विचित्र वाटतं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, ही माणसं स्तोत्र म्हणतायत की हिशेब सांगतायत.

२. कामाला सोवळं-ओवळं लागू करू नये. केलंच, तर कुलूप लावावं लागेल.

स्त्रियांनी गुरुचरित्र वाचू नये अशी एक समजूत आपल्याकडे आहे. दत्ताची नृसिंहवाडी इथून तासाभरावर, त्यामुळं आमच्या गिऱ्हाइकांत ती पक्की. आणि आमच्याकडे गुरुचरित्राच्या आवृत्त्या तपासल्या कुणी, तर मी. एका शास्त्रीबुवांना हे कळलं आणि त्यांनी मालकांपुढं हरकत घेतली. मालक कापडाच्या पेढीवर वाढलेले, धंद्यातलं उत्तर लगेच सुचतं. म्हणाले, "बुवा, त्या वाचत नाहीत, तपासतात." बुवा गप्प बसले. मला हे उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी वाचते, आणि चांगलं वाचते. पण त्या उत्तरानं आवृत्ती वेळेत निघाली.

दुकानात बायका हळूच विचारतात, "आम्ही वाचलं तर चालतं का हो?" काउंटरवरच्या वहिनी पोथी कागदात गुंडाळता गुंडाळता सांगतात, "आमच्याकडं ही तपासणारी बाईच हाय. बघा तुम्ही." बहुतेक जणी घेऊन जातात.

३. तक्रारीचा फोन हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा फोन.

कादंबरीतला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, गळाला तर वाचक चिडतो, शिव्या देतो, विसरतो. पोथीचं तसं नाही. गुरुचरित्राचं सप्ताह पारायण घ्या. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, असे टप्पे ठरलेले असतात. माणूस संकल्प सोडून बसलेला असतो आणि चौथ्या दिवशी त्याला कळतं की सोळा पानं नाहीत, त्याऐवजी आधीचीच सोळा पुन्हा शिवलीयत. त्याला 'बदलून देऊ, दुकानात या' म्हणून चालत नाही. त्याला उठायचं नसतं. अशा वेळी आमच्याकडचा कुणीही, अगदी वसुलीचा माणूससुद्धा, पहिल्या एसटीनं पोथी घेऊन निघतो. इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी अशा फेऱ्या झाल्यात. हल्ली आधी पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात, पोथी मागून जाते. एक आजोबा मात्र म्हणाले होते, मोबाइलवरून वाचलेलं पारायणात धरत नाहीत. त्यांची पोथी रात्री गेली.

दुसऱ्या जातीचा फोन म्हणजे, "आमच्या आजोबांच्या पोथीत असं नाही." इथं वाद घालू नये. गुरुचरित्राच्याच कुठल्या प्रतीत ५१ अध्याय, कुठल्या ५२, कुठं अवतरणिका धरून ५३. ज्ञानेश्वरीत पाठभेद इतके शिरले होते की एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली बसून प्रत शुद्ध केली आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. तरीही पुढं १९०९ ची राजवाड्यांची प्रत वेगळी निघालीच. जे नाथांना आवरलं नाही ते फोनवर आवरायला जाऊ नये. कुठली प्रत, कुणी छापलेली, कोणतं साल, एवढं वहीत टिपून घ्यावं. त्या वहीतून आम्हाला दोनदा जुन्या, फार चांगल्या प्रती पाहायला मिळाल्या.

आणि डिंकाचा प्रश्न. बांधणीला जनावरांचा सरस वापरता का, असं विचारणारे अजून आहेत. हसू नये. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला शिवत नव्हती. त्यांनी तुपाची शाई करून छापलं असं सांगतात. प्रश्न जुना आहे. उत्तर खरं द्यावं.

४. छापायला बसतो आपण ज्ञानेश्वरीसाठी, पण चूल पेटते व्रतकथेवर.

वैभवलक्ष्मीच्या उद्यापनाला बायका व्रताची पुस्तकं वाटतात. अकरा, एकवीस, एक्कावन्न. मार्गशीर्षातल्या गुरुवारांची महालक्ष्मीची पुस्तिका तर गठ्ठ्यानं जाते. सार्थ दासबोधाचं प्रूफ तपासणाऱ्याला या बत्तीसपानी पुस्तिकांची लाज वाटते, मलाही वाटायची. आमच्या हिशेबनीस काकांनी एकदा खातं उघडून दाखवलं. दासबोधाची आवृत्ती संपायला किती वर्षं लागली आणि तेवढ्या काळात तिचा कागद कुणी फेडला, ते.

याच काकांना अधिक मासाचं गणित पाठ आहे. पुरुषोत्तम मास माहात्म्याची पोथी एरवी कुणी विचारत नाही आणि त्या महिन्यात पुरत नाही. २०१८ ला अधिक ज्येष्ठ, २०२० ला अधिक आश्विन, २०२३ ला अधिक श्रावण, २०२६ ला पुन्हा ज्येष्ठ. २०२० ला मालक म्हणाले, देवळं बंद आहेत, छापू नका. काका म्हणाले, देवळं बंद आहेत म्हणूनच छापा, लोक घरात वाचतील. देवळं उघडली नोव्हेंबरच्या १६ तारखेला, दिवाळीच्या पाडव्याला. पोथी त्याच्या कितीतरी आधी संपली होती.

५. डब्यावरून माणूस ओळखायला जाऊ नये.

हे कोल्हापूर आहे. बुधवारी मागच्या पडवीत दोन-तीन डब्यांतून तांबड्या रश्श्याचा वास सुटतो आणि त्याच पडवीपलीकडे हरिपाठाचे फर्मे वाळत असतात. एका कीर्तनकार लेखकांना हे फार लागलं. पण त्याच डब्यातली माणसं श्रावण आणि मार्गशीर्ष कडक पाळतात, हे त्यांना कोण सांगणार! आमचा नियम साधा: प्रुफाच्या टेबलावर डबा नाही, कुणाचाच नाही, साबुदाण्याचासुद्धा नाही. तेलाचा डाग देव बघून पडत नाही.

आमचे गल्ल्यावरचे जैन आप्पा चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवतात. तेवढा वेळ कुणीतरी गल्ला सांभाळतं. कांदा-लसणाचा विषय कधी निघाला नाही. तसं पाहिलं तर जैन ग्रंथ छापणं या गावाला नवीन नाही. कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी इथल्या जैनेंद्र छापखान्यातून ते काम फार पूर्वी केलं आहे. त्या छापखान्यातलं एक जुनं पुस्तक आप्पांनी मला दाखवलं होतं. छपाई अशी स्वच्छ की अण्णांनी ते दोन दिवस सोडलं नाही.

६. बांधणीवाल्याचं ऐकावं.

आमची बांधणी चाचा बघतात. बाप-आजापासूनचा धंदा. पोथीचा मजकूर त्यांना वाचून नव्हे, तर पानाच्या तोंडावरून ठाऊक. "ताई, तेवीसचा फर्मा उलटा आलाय, बघा," म्हणतात आणि तो उलटाच असतो. एकदा एका पाहुण्यानं 'हे इथं कसे?' असा चेहरा केला. अण्णांनी त्याला शाहू महाराजांची गोष्ट ऐकवली: कुराण मराठीत यावं म्हणून महाराजांनी याच गावात दरबारातून पैसा दिला होता. पाहुण्यानं चहा घेतला आणि तो गेला. चाचांनी मान वर केली नव्हती. नवरात्राच्या आधी कुणाला वेळ असतो?

७. देवांना खालची फळी कुणी देत नाही, म्हणून तिथं काय ठेवायचं ते आधीच ठरवा.

शाहूपुरीतल्या आमच्या गोदामात खालच्या फळीवर कुठलाही ग्रंथ ठेवला की कुणीतरी नाराज. मारुतीस्तोत्र ठेवलं तर हमाल नाराज, साईचरित्र ठेवलं तर वहिनी. शेवटी तोडगा म्हणून खाली हिशेबाच्या फायली ठेवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये शाहूपुरीत पंचगंगेचं पाणी शिरलं. बरेचसे देव सुटले, जीएसटीचे कागद गेले. काका चार महिने रोज त्या तोडग्याचा उद्धार करत होते.

वाया गेलेल्या फर्म्यांचंही तसंच. देवाचं चित्र असलेला कागद रद्दीत देववत नाही, नदीत सोडणं तर गुन्हाच म्हणायचा. मग तो भेळेच्या पुडीला जाऊ नये म्हणून आम्ही बारीक कातरून थेट लगद्याला पाठवतो. भाव कमी मिळतो. तो सोसावा.

८. दुसऱ्यानं आपली पोथी उचलली, तर आपली चूक शोधावी.

संतांच्या ग्रंथांवर कुणाचा मालकी हक्क नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आपला कायदा हक्क धरतो, आणि तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. पण आपण केलेली जुळणी, टिपा, कोश कुणी जसेच्या तसे उचलतो तेव्हा राग येतोच. एका प्रकाशकानं आमच्या आरतीसंग्रहाची पानं तशीच छापली. सिद्ध कसं करायचं? अण्णांनी त्यांच्या प्रतीत आमच्या जुन्या आवृत्तीतला एक गळालेला काना दाखवला. तिथंच, त्याच ओळीत. पत्र गेलं, पुस्तक मागं घेतलं गेलं.

९. 'देवाचं काम आहे' हे वाक्य कोण, कुणाला म्हणतं, ते बघावं.

हे मी सगळ्यात उशिरा शिकले. कागदाचा व्यापारी हे वाक्य कधी म्हणत नाही. मॅपलिथोचा भाव गुरुचरित्राला आणि लग्नपत्रिकेला सारखाच. वाहतूकवाला म्हणत नाही. म्हणतात ते कचेरीतच, आणि तेही वरून खाली. नवरात्र, दत्तजयंती, मार्गशीर्ष जवळ आला की रात्री नऊपर्यंत बसायचं आणि जादा वेळेचं विचारलं की, "अहो, देवाचं काम आहे." एकदा हे वाक्य आमच्या हमाल मामांच्या वाट्याला आलं. ते गठ्ठा खाली ठेवून म्हणाले, "मग देवालाच बोलवा की मालक, उचलंल त्यो." सगळी कचेरी हसली, मालकही हसले, आणि मामांना त्या रात्रीचे पैसे मिळाले. बाकीच्यांना मिळायला मात्र अर्ज लिहावा लागला, सगळ्यांच्या सह्यांचा.

मालक वाईट माणूस नाही. आमच्यातला एक जण सीपीआर दवाखान्यात होता तेव्हा रात्रभर बाकड्यावर बसले होते, खर्चही केला. पण तेच मालक पगारवाढीला 'पुढच्या पाडव्याला बघू' म्हणतात, आणि पाडवे बरेच येतात. दवाखान्याचा खर्च ही माया झाली. पगारवाढ, जादा वेळ, प्रॉव्हिडंट फंड हा हिशेब आहे. माया मिळाली म्हणून हिशेब मागायला लाजू नये. नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते, नेमणुकीचं पत्र हातात घ्या आणि फंडाचा नंबर मागा. मग खुशाल देवाचं काम करा.

१०. आता तुमच्यासाठी, म्हणजे पोथी विकत घेणाऱ्यांसाठी.

दुकानातच पोथी उघडा. पहिलं आणि शेवटचं पान बघा, पानांचे आकडे सलग आहेत का ते मधून मधून चाळून बघा, विशेषतः दर सोळा पानांनी. पारायणाला बसायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी. आणि चूक सापडली तर आवृत्ती, पान आणि ओवीचा आकडा लिहून प्रकाशकाला कळवा, कुणाचंही पुस्तक असो. आमच्याकडे तरी अशी पोस्टकार्डं पुढच्या आवृत्तीच्या प्रुफाला टाचून ठेवतात.