आपला सह्याद्री कसा झाला?

आपल्या ठाणे जिल्ह्यात पुष्कळ डोंगर आहेत. कल्याणच्या दक्षिणेला मलंगगड आहे. शहापूरजवळ माहुली आहे. माहुली सुमारे ८५० मीटर उंच आहे. हे सगळे सह्याद्रीचे भाग. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर.

सगळे पर्वत एकाच रीतीने होत नाहीत. हिमालय आणि युरोपातला आल्प्स हे घडीचे पर्वत आहेत. जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर रेटले गेले आणि मधली जमीन वर उचलली. सतरंजी दोन्हीकडून ढकलली की चुण्या पडतात ना, तसंच. आल्प्समधले मों ब्लांक शिखर सुमारे ४८०० मीटर उंच आहे. तिथे बारा महिने बर्फ असतो.

आपला सह्याद्री तसा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या. त्यातून तापलेला लाव्हारस बाहेर आला, लांबवर पसरला आणि थंड होऊन दगड झाला. त्यावर पुन्हा रस आला. असे थरावर थर बसले. आई भाकऱ्यांची चवड लावते तशी ही दगडाची चवड आहे. या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. आपला पाटा-वरवंटा आणि जातं याच दगडाचं असतं.

पुढे जमीन उचलली गेली. पावसाने आणि नद्यांनी ती लाखो वर्षे कापली. मऊ थर झिजला तिथे उतार झाला. कठीण थर टिकला तिथे उभा कडा राहिला. माहुलीचे सुळके असेच उरले आहेत. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे दिली आहेत.

आपली उल्हास नदी राजमाचीजवळच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, बदलापूर करत ती आपल्याकडे येते. आजी म्हणते, इथे ऊन असलं तरी घाटात पाऊस झाला की नदी वाढते. २६ जुलै २००५ ला या भागात मोठा पूर आला होता.

डोंगरावरची माती झाडांची मुळे धरून ठेवतात. झाडे गेली आणि खूप पाणी मुरले की दरड कोसळते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पुष्कळ माणसे दगावली. म्हणून उतारावरची झाडे तोडू नयेत. जमिनीला तडे दिसले तर लगेच मोठ्यांना सांगावे.

खडीसाठी डोंगर फोडतात. घराला, रस्त्याला खडी लागतेच. पण चवडीतली भाकरी संपली तर आई दुसरी थापते. डोंगर संपला तर दुसरा कोण थापणार?

सांगा पाहू :
१. आल्प्स आणि सह्याद्री यांत फरक कोणता?
२. तुमच्या घरात काळ्या दगडाच्या किती वस्तू आहेत?

— इयत्ता ४ थी