बालकाची पहिली शाळा आणि परभाषेचा प्रश्न

तीन वर्षे पुरी झालेल्या मुलास कोठे पाठवावे, हा प्रश्न पूर्वी अंजनगाव सुर्जीच्या पालकांस फारसा पडत नसे. मूल घरी, वावरात, आजीच्या मांडीवर वाढे आणि वेळ आली की शाळेत जाई. आता इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांची गाडी सकाळी दारापर्यंत येते, आणि पानमळ्यात किंवा संत्र्याच्या बागेत राबणारा पालक पोटास चिमटा घेऊन त्या वर्गाची फी भरण्यास तयार होतो. दुसऱ्या बाजूस घर आहे आणि गल्लीतील अंगणवाडी आहे. पालक पुष्कळदा हा प्रश्न ओळखीच्या प्राथमिक शिक्षकासच विचारतो. तेव्हा शिक्षकाजवळ विचारपूर्वक दिलेले उत्तर असले पाहिजे.

प्रथम पालकाची धास्ती समजून घ्यावी. तिची थट्टा करू नये. बँकेतील वा कचेरीतील इंग्रजी कागद दुसऱ्याकडून वाचवून घेताना ज्याने मान खाली घातली आहे, त्याला आपल्या लेकराच्या वाट्यास तो प्रसंग येऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजी यावी ही त्याची इच्छा रास्तच आहे. वाद आहे तो केव्हा आणि कोणत्या मार्गाने, एवढाच.

तीन वर्षांचे मूल भाषेच्या बाबतीत कोरे नसते. ‘बाबा आला’, ‘माय आली’, ‘वासरू आलं’ ही तीन लिंगांची रूपे ते कोणी न शिकविता बिनचूक वापरू लागते. वावर, पऱ्हाटी, बंडी, कुटार, डवरा असे शेकडो शब्द त्याच्या जिभेवर असतात, आणि प्रत्येक शब्दामागे पाहिलेली, हाताळलेली वस्तू असते. पुढील वाचन याच भांडवलावर उभे राहते. कानाला ओळखीचा असलेला शब्द अक्षरांत भेटला म्हणजे मूल वाचते. अनोळखी भाषेतील शब्द अक्षरांत भेटला तर ते केवळ घोकते. अंजनगावच्या शिवारात संत्र्याचे बगीचे आहेत. परंतु इंग्रजी अंकलिपी पहिल्या अक्षरास सफरचंद दाखविते आणि संत्र्यापर्यंत यावयास पंधरावे अक्षर उजाडते. ही गोष्ट क्षुल्लक दिसेल, पण मुलाचा दिवस अशाच क्षुल्लक गोष्टींचा बनलेला असतो.

याहून मोठे नुकसान घरात होते. शिशुवर्गाचा गृहपाठ इंग्रजीत येतो. आईस तो वाचता येत नाही. काल जी माय प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होती, ती आज वहीपुढे मुकी होते, आणि मूल ते पाहते. आईला काही येत नाही हा समज चौथ्या वर्षी मुलाच्या मनात रुजला, तर तो काढणे शाळेच्या हाती राहत नाही. ज्या घरात इंग्रजी खरोखरच बोलली जाते, तेथील गोष्ट वेगळी. पण तशी घरे या तालुक्यात किती निघतील?

या प्रश्नास आधी ज्यांनी तोंड दिले, त्यांचा अनुभव विचारार्ह आहे. गिजुभाई बधेका हे वकील होते. १९१३ साली मुलगा झाला, तेव्हा त्याला कोणत्या शाळेत घालावे या चिंतेतून ते बालशिक्षणाकडे वळले. डॉ. मारिया माँटेसोरी यांचे विचार त्यांनी परदेशातून घेतले खरे, पण १९२० मध्ये भावनगरास बालमंदिर उघडले ते गुजराती बोलणारे. पद्धत परकी चालेल, बोली परकी नको, हा विवेक त्यांनी केला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांचा संबंध तर प्रत्यक्ष अमरावतीशी आहे. विवाहानंतर काही काळ त्या तेथे राहत होत्या. १९४५ साली ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी या कल्पनेचा उगम तेथे आहे. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे मुलांच्या हाती आले. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम विस्तारले, आणि जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली.

त्या कल्पनेचे देशव्यापी रूप म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजना. ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, आणि त्यांपैकी एक याच जिल्ह्यातील धारणीचा होता. अंजनगावच्या उत्तरेस दिसणाऱ्या मेळघाटच्या डोंगरातील हा मान जिल्ह्यातील किती शिक्षकांस ठाऊक असेल, कोण जाणे.

तथापि घरचे शिक्षण म्हणजे मूल घरी ठेवणे नव्हे. निंदणाच्या दिवसांत आई पहाटे वावरात जाते, मूल दिवसभर भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे बसते, किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर असते आणि त्यापायी बहिणीची शाळा बुडते. असे घर शिशुवर्गाहून बरे आहे असे म्हणवत नाही. तसेच जी अंगणवाडी आहार वाटून व नोंदवह्या भरून मिटते, तिच्याकडे पालकाने पाठ फिरविली तर दोष एकट्या पालकाचा नाही.

म्हणून शिक्षकाने पालकास पुढील मार्ग सुचवावा. सहा वर्षांपर्यंत मुलास अंगणवाडीत नियमित पाठवावे आणि घरी रोज अर्धा तास त्याचा असावा. तूर व हरभरा वेगळा करणे, पानांची कवळी लावताना पाने मोजणे, वाळलेली पानपिंपळी लहानमोठी निवडणे, तान्ह्या पोळ्यासाठी मातीचा बैल घडविणे, रात्री एक गोष्ट व दोन कोडी. यात गणित, बोटांची तयारी आणि भाषा तिन्ही येतात, आणि आजीला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. इंग्रजीची चिंता करणाऱ्यास सांगावे की महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. मराठीत वाचू लागलेले मूल ती भाषा अधिक सहज उचलते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे.

पहिलीच्या शिक्षकाकडे मात्र एक काम उरते. मूल ‘पऱ्हाटी’ म्हणाले तर त्यास ‘कपाशी म्हण’ असे दटावू नये; फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत. वऱ्हाडी बोलीस वर्गात हसणारा शिक्षक पालकास मातृभाषेचे महत्त्व पटवू शकणार नाही. पालकांच्या भेटी उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे घरची माणसे थोडी मोकळी असताना, संध्याकाळी घ्याव्यात, आणि त्या वेळी आईशी बोलावे. वडिलांपाशी बोलून परत येऊ नये.